शेवटची अक्षरं वाचल्याशिवाय सही करू नका

'बाबांची काल अँजिओ झाली,' असा निरोप नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतो आणि पुढचा तासभर फोन खणखणत राहतात. कुणाला वाटतं तपासणी झाली, कुणाला वाटतं स्टेंट बसला. निरोप देणाऱ्याने शब्दाचा जो भाग सांगायला हवा होता तोच नेमका गाळलेला असतो. 'अँजिओ' म्हणजे नुसती रक्तवाहिनी. तिच्यापुढे 'ग्राफी' आलं, तर वाहिनीत रंगद्रव्य सोडून घेतलेलं क्ष-किरण चित्र, म्हणजे तपासणी. 'प्लास्टी' आलं, तर आक्रसलेली वाहिनी आतून फुग्याने रुंद करणं, म्हणजे उपचार. हृदयाच्या वाहिनीवर हा उपचार आन्द्रेआस ग्रुंटझिग या डॉक्टरांनी १९७७ साली झुरिकमध्ये पहिल्यांदा केला. हृदयाच्या वाहिन्यांपुरता तोवर या शब्दाला तपासणीचाच शेवट ठाऊक होता. आज दोन्ही शेवट एकाच हॉस्पिटलात, बरेचदा एकाच टेबलावर भेटतात. खर्च वेगळा, धोका वेगळा, घरी गेल्यावरच्या गोळ्या वेगळ्या.

इंग्रजी शब्दाच्या शेवटी जे जोडलं जातं त्याला आपण प्रत्यय म्हणतो. शाळेत तो व्याकरणाच्या तासाला भेटतो आणि परीक्षा झाली की विसरला जातो. माझं म्हणणं असं, की तो विसरण्याजोगा नाही. संमतीपत्र, औषधाची स्ट्रिप, भाडेकरार, कर्जाचा कागद, विम्याची पॉलिसी, पोलीस ठाण्यातली एफआयआर हे सगळे कागद आपल्या हातात येतात तेव्हा त्यांतल्या लांबलचक इंग्रजी शब्दांची आपण पहिली चार अक्षरं वाचतो आणि उरलेला शब्द अंदाजाने पुरा करतो. अर्थाचा निकाल मात्र पुष्कळदा शेवटीच लागलेला असतो. म्हणून सगळ्यांना कळकळीने सांगतो: सही करायच्या आधी शब्द शेवटापर्यंत वाचा. नाही समजला, तर त्या शेवटावर बोट ठेवून विचारा.

सुरुवात हॉस्पिटलापासूनच करू, कारण तिथे चूक सर्वांत महाग पडते. 'स्कोपी' म्हणजे आत डोकावून पाहणं, ज्याला आपण दुर्बिणीची तपासणी म्हणतो. 'ऑटॉमी' म्हणजे छेद देणं. 'एक्टॉमी' म्हणजे काढून टाकणं. 'ऑस्टॉमी' म्हणजे शरीराला बाहेरच्या बाजूने नवं तोंड करणं. 'प्लास्टी' म्हणजे दुरुस्ती किंवा नवी घडण. आता मोठ्या आतड्याचं उदाहरण घ्या. कोलोनोस्कोपीत नळी आत घालून पाहतात आणि पेशंट बहुधा त्याच दिवशी घरी येतो. कोलेक्टॉमीत आतड्याचा भाग कापून काढतात. कोलोस्टॉमीत पोटावर छिद्र करून शौचाची वाट तिथून काढून देतात आणि तिथे पिशवी लावावी लागते. तिन्ही शब्द 'कोल'नेच सुरू होतात. गुडघ्याचंही तसंच. आर्थ्रायटिस हा आजार, आर्थ्रोस्कोपी ही दुर्बीण आणि आर्थ्रोप्लास्टी म्हणजे आपल्याकडे 'वाटी बदलली' म्हणतात ते ऑपरेशन.

स्त्रियांच्या बाबतीत दोन शब्द तर मी ठळक अक्षरांत लिहून ठेवायला सांगेन. हिस्टरोस्कोपी म्हणजे गर्भाशयात दुर्बिणीने पाहणं. हिस्टरेक्टॉमी म्हणजे गर्भाशय काढणं, बायका ज्याला 'पिशवी काढली' म्हणतात. सुरुवात एक, शेवट वेगळा, आणि मधलं अंतर एका बाईच्या उभ्या आयुष्याचं. स्तनाच्या कर्करोगात लम्पेक्टॉमी म्हणजे गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा भाग काढणं, मॅस्टेक्टॉमी म्हणजे स्तन काढणं. इथे शेवट सारखा आहे, म्हणून सुरुवातीचा भागही तितकाच नीट वाचायला हवा. काढणार हे शेवट सांगतो, काय काढणार ते सुरुवात सांगते. पुरुषांच्या नसबंदीला व्हॅसेक्टॉमी म्हणतात आणि 'एक्टॉमी' ऐकून बरेच पुरुष धास्तावतात. प्रत्यक्षात तिथे शुक्रवाहिनीचा छोटासा तुकडा काढतात, वृषणाला हात लागत नाही.

हा भेद न्यायालयापर्यंत गेलेला आहे. दिल्लीत १९९५ साली एका प्रौढ, अविवाहित महिलेने लॅपरोस्कोपीच्या कागदावर सही केली. पोट उघडण्याची, म्हणजे लॅपरोटॉमीची, गरज पडू शकते असंही त्यात लिहिलेलं होतं. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय आणि बीजकोश काढण्यात आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००८ साली न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की निदानासाठी दिलेली संमती ही उपचाराची संमती होत नाही, आणि सज्ञान पेशंट तात्पुरती बेशुद्ध आहे म्हणून जिवाला धोका नसताना दुसऱ्या कुणाची सही चालत नाही. डॉक्टरांची फी नाकारली गेली आणि पंचवीस हजार रुपयांची भरपाई देण्याचा आदेश झाला. रक्कम लहान वाटेल. पण 'स्कोपी'ला दिलेला होकार 'एक्टॉमी'ला लागू होत नाही, हे देशातल्या सर्वांत वरच्या न्यायालयाने सांगितलं आहे. सही मागणाऱ्यासमोर तुम्ही हे शांतपणे बोलून दाखवू शकता.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला, शासनाला समिती नेमावी लागली. त्या प्रश्नाची मुळं गरिबीत, मुकादमाच्या उचलीत आणि नफ्यासाठी केलेल्या वैद्यकीत आहेत. प्रत्यय समजले म्हणून ती उपटली जाणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरीही कागदावर काय लिहिलंय ते मोठ्याने वाचून मराठीत सांगणारं एक माणूस प्रत्येक बाईसोबत असलं पाहिजे. ते माणूस तिची शाळकरी मुलगीही असू शकते. डॉक्टर मंडळींनाही विनंती, की संमतीपत्रावर ऑपरेशनच्या इंग्रजी नावाखाली मराठीत एक ओळ लिहा: काय पाहणार, काय कापणार, काय काढणार. एक ओळ पुरे.

एक बारकावा राहिला. हल्ली कागदावर 'लॅपरोस्कोपिक कोलेसिस्टेक्टॉमी' असे जोडशब्द येतात. 'लॅपरोस्कोपी' म्हणजे पाहणं, मग हे पाहणंच असेल, असं समजू नका. 'स्कोपी'चं 'स्कोपिक' झालं, की तो शब्द विशेषण होतो आणि फक्त पद्धत सांगतो, म्हणजे दुर्बिणीतून. काम सांगतो तो दुसरा शब्द: पित्ताशय काढणं. जोडशब्दात शेवटचा शब्द धनी, हा नियम मराठीतही आहेच. राजवाडा हा वाडा असतो, राजा नसतो.

आजारांच्या नावात 'आयटिस' दिसलं, तर सूज किंवा दाह समजा: टॉन्सिलायटिस, अपेंडिसायटिस, ब्राँकायटिस. 'ओमा' दिसलं की लोक कर्करोगाच्या धास्तीने रडू लागतात. 'ओमा' बहुतेकदा गाठ सांगतो, पण लायपोमा ही चरबीची निरुपद्रवी गाठ आहे, कार्सिनोमा हा कर्करोग आहे, आणि ग्लॉकोमा ही तर गाठच नव्हे, तो डोळ्यांचा काचबिंदू. थोडक्यात, काय विचारायचं ते प्रत्यय सुचवतो. निदान डॉक्टरांनीच करायचं.

औषधांच्या स्ट्रिपवर हेच आणखी उपयोगी पडतं. औषधाला दोन नावं असतात. ठळक, रंगीत नाव कंपनीचं. दुसरं नाव घटकाचं, आणि ते जगभर बहुतेक सारखं. जागतिक आरोग्य संघटनेने १९५० साली या नावांची व्यवस्था ठरवली आणि १९५३ साली पहिली यादी प्रसिद्ध केली. या व्यवस्थेत एकाच कुळातल्या औषधांना सहसा एकच शेवट दिला जातो. रक्तदाबाच्या एका कुळाचा शेवट 'सार्टन': टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन. दुसऱ्याचा 'डिपिन': अ‍ॅम्लोडिपिन, सिल्निडिपिन. तिसऱ्याचा 'प्रिल': रॅमिप्रिल, एनालाप्रिल. मधुमेहातल्या एका कुळाचा 'ग्लिप्टिन'. कोलेस्टेरॉलवरच्या कुळाचा 'व्हास्टॅटिन'. आणि सर्वांच्या ओळखीचं 'सिलिन', म्हणजे पेनिसिलिनचं घराणं: अ‍ॅमॉक्सिसिलिन, अ‍ॅम्पिसिलिन, क्लॉक्सासिलिन.

याचा घरात उपयोग काय? आईला हृदयाच्या डॉक्टरांनी एक स्ट्रिप दिली आणि साखरेच्या डॉक्टरांनी दुसरी. वरची नावं वेगळी, रंग वेगळे. बारीक अक्षरांतलं घटकाचं नाव वाचा. दोन्हींचा शेवट 'सार्टन' निघाला, तर एकाच कामाची दोन औषधं पोटात जात असण्याची शक्यता आहे. त्याच दिवशी दोन्ही स्ट्रिपा घेऊन डॉक्टरांकडे किंवा औषधांच्या दुकानातल्या फार्मासिस्टकडे जा. जनऔषधी केंद्रातून औषधं घेणाऱ्यांनी तर ही सवय लावलीच पाहिजे, कारण तिथे घटकाचं नाव हीच ओळख. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल, तर 'सिलिन'वर संपणारं कोणतंही नाव दिसताच थांबा आणि डॉक्टरांना सांगा. दम्याच्या पेशंटने 'ओलॉल' हा शेवट लक्षात ठेवावा: प्रोप्रानोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल. हे कुळ हृदयासाठी गुणकारी. त्यातलं पहिलं औषध शोधणाऱ्या जेम्स ब्लॅक यांना १९८८ चं नोबेल मिळालं. पण या औषधांनी दमा उसळू शकतो. आणि हे फक्त गोळ्यांत नसतं. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायच्या थेंबांत टिमोलॉल असतं, तेही याच घराण्यातलं. डोळ्याच्या डॉक्टरांना आपला दमा सांगायचं कितीजणांच्या लक्षात राहतं? ('पॅरासिटामॉल' मात्र यातलं नव्हे. नुसतं 'ऑल' पाहून घाबरू नका, 'ओलॉल' हवं.)

आता उलट बाजू. पॅन्टोप्रॅझोल हे आम्लपित्ताचं औषध, फ्लुकोनॅझोल बुरशीचं, अल्बेंडाझोल जंताचं, मेट्रोनिडॅझोल जुलाबात देतात ते, कार्बिमॅझोल थायरॉईडचं आणि अ‍ॅरिपिप्रॅझोल मानसिक आजाराचं. सगळ्यांच्या शेवटी 'झोल' आहे. अर्थ सांगणारा शेवट त्याहून लांब असतो आणि तो ओळखणं हे फार्मासिस्टचं काम. तसंच नायस्टॅटिन हे नाव ऐकून ते कोलेस्टेरॉलचं वाटेल. ते बुरशीचं औषध आहे आणि न्यूयॉर्क राज्याच्या नावावरून त्याला तसं म्हणतात. म्हणून माझी विनंती नीट ध्यानात घ्या. शेवट वाचून प्रश्न विचारा. शेवट वाचून औषध बंद करू नका, सुरूही करू नका.

नावापुढची एक-दोन अक्षरंही अशीच वाचावीत. भाषेच्या अर्थाने ते प्रत्यय नव्हेत, पण काम तेच करतात. 'एसआर' किंवा 'एक्सआर' असेल, तर ती गोळी पोटात हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते. आजोबांना गिळवत नाही म्हणून ती कुटून दिली, तर दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. 'डीटी' असेल तर गोळी पाण्यात विरघळवून द्यायची. टेल्मिसार्टनपुढे 'एच' असेल, तर सोबत लघवी वाढवणारं औषध आहे, 'एएम' असेल तर अ‍ॅम्लोडिपिन. दुकानदाराला 'ती बीपीची गोळी द्या' असं म्हणून भागत नाही, शेवटच्या अक्षरासकट नाव सांगावं लागतं.

औषधांनंतर कागदपत्रं. कायद्याच्या इंग्रजीत शब्दांच्या जोड्या असतात, एकाचा शेवट 'ऑर' किंवा 'अर' आणि दुसऱ्याचा दोन ई लिहून होणारा 'ई'. एम्प्लॉयर म्हणजे कामावर ठेवणारा, एम्प्लॉयी म्हणजे ठेवला गेलेला. हा 'ई' कायद्याच्या कागदातच इतका का दिसतो, याला इतिहास आहे. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि पुढे शतकानुशतकं तिथल्या न्यायालयांत फ्रेंचचा अंमल राहिला. १३६२ साली इंग्लंडच्या संसदेला खास कायदा करावा लागला, की बाजू इंग्रजीत मांडा, कारण लोकांना फ्रेंच कळत नाही. आपल्याच देशातल्या न्यायालयाची भाषा आपल्याला कळत नाही, ही तक्रार तेव्हाच्या इंग्रजांचीही होती. फ्रेंच गेली, तिचे प्रत्यय राहिले, आणि तिथून ते आपल्या स्टॅम्प पेपरवर उतरले.

महाराष्ट्रात घर भाड्याने घेताना बहुतेक ठिकाणी लिव्ह अँड लायसन्सचा करार होतो, ज्याला लोक अकरा महिन्यांचा करार म्हणतात. त्यात लायसेन्सॉर म्हणजे घरमालक आणि लायसेन्सी म्हणजे राहणारा. पानापानांवर हे दोन शब्द येतात आणि घाईत वाचणाऱ्याला एकसारखेच दिसतात. रंगरंगोटीचा खर्च कुणाचा, मुदतीआधी घर सोडलं तर किती महिन्यांचे पैसे कुणी द्यायचे, सोसायटीचा मेंटेनन्स कुणी भरायचा, हे सगळं त्या शेवटच्या अक्षरावर ठरतं. मुदत संपल्यावर लायसेन्सीने जागा सोडली नाही, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे त्याला दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. तोच कायदा सांगतो, की करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. आणखी एक जोडी सांभाळा: लेसी आणि लायसेन्सी. लेसीला जागेत काही हक्क मिळतो, लायसेन्सीला फक्त वापरण्याची परवानगी. आपण दोघांनाही भाडेकरू म्हणतो. कायदा म्हणत नाही.

कर्जाच्या कागदात तर 'ई' चक्क फसवतो. मॉर्टगेजर आणि मॉर्टगेजी यांतलं कर्ज घेणारा कोण? बहुतेक जण मॉर्टगेजी म्हणतात, कारण ज्याला मिळतं तो 'ई' असं मनात बसलेलं असतं. पण इथे कर्ज कोण देतं हे पाहायचं नाही, तारण कोण देतं हे पाहायचं. घर तारण ठेवणारे तुम्ही, म्हणून तुम्ही मॉर्टगेजर. तारण मिळालं बँकेला, म्हणून बँक मॉर्टगेजी. चेकवरही असंच. चेक लिहिणारा ड्रॉवर, ज्याच्या नावे लिहिला तो पेयी, आणि ड्रॉवी कोण? पैसे द्यायचा हुकूम जिला मिळाला ती बँक. प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारायचा: या कागदात नेमकी कोणती गोष्ट एका हातातून दुसऱ्या हातात जाते? देणारा 'ऑर' किंवा 'अर', घेणारा 'ई'.

आणि 'गॅरंटर'! मित्राच्या कर्जाला, मेहुण्याच्या कर्जाला जामीन राहायला आपण भिडेखातर तयार होतो. 'नुसती सही आहे, नावाला' असं म्हणतात. शब्दाचा शेवट पाहा. गॅरंटी देणारे तुम्ही आहात. भारतीय करार अधिनियम, १८७२ प्रमाणे करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. हप्ते थकले, तर बँक थेट तुमच्या दारात येऊ शकते. भीड मोडा, पण ही सही न समजता करू नका.

पोलीस ठाण्यात 'एबल' भेटतो. 'बेलेबल' म्हणजे जामीनपात्र, 'कॉग्निझेबल' म्हणजे दखलपात्र. 'नॉन-बेलेबल' कलम लागलं असं कळलं, की घरच्यांचा धीर सुटतो. आता जामीन नाहीच, असं समजून ते कुणाच्याही नादी लागतात, दलालाला पैसे मोजतात. 'एबल' म्हणजे होण्याजोगं; 'बेलेबल'मध्ये, हक्काने मिळण्याजोगं. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो. अजामीनपात्र गुन्ह्यात तो हक्क म्हणून मागता येत नाही, पण न्यायालय देऊ शकतं, आणि रोज कित्येकांना देतंही. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यातही हा भेद कायम आहे. अशा वेळी दलाल नको, वकील गाठा. वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा.

'लेस' या प्रत्ययाबद्दल मोठा गैरसमज आहे. उच्चार 'कमी' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाशी जुळतो, म्हणून लोक त्याचा अर्थ कमी असा लावतात. मुळात हे दोन वेगळे शब्द. प्रत्यय जुन्या इंग्रजीतल्या 'विना' अशा अर्थाच्या शब्दापासून आलेला आहे. म्हणून 'कॅशलेस' उपचार म्हणजे कमी रोख रकमेत उपचार नव्हे. रोख न देता उपचार, बिल विमा कंपनी परस्पर चुकवणार. पण रोख लागणार नाही आणि खर्च होणार नाही, या दोन वेगळ्या गोष्टी. पॉलिसीत वगळलेल्या वस्तू, खोलीच्या भाड्याची मर्यादा, तुमचा ठरलेला हिस्सा हे सगळं डिस्चार्जच्या वेळी खिशातूनच जातं. 'कॅशलेस आहे' एवढं ऐकून मोकळ्या हाताने हॉस्पिटलात जाऊ नका. 'कॉन्टॅक्टलेस' कार्डाचंही समजून घ्या. मशीनला कार्ड नुसतं टेकवलं, की २०२१ च्या जानेवारीपासून पाच हजार रुपयांपर्यंतचं बिल पिनशिवाय चुकतं होऊ शकतं. नको असेल तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये ही सोय बंद करता येते.

'फ्री' हा 'लेस'चा भाऊच. आपल्या अन्न सुरक्षेच्या नियमांप्रमाणे 'शुगर-फ्री' म्हणायचं तर शंभर ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमहून जास्त साखर चालत नाही. पण शुगर-फ्री बर्फीतला खवा आणि तूप कुठे गेलं? 'नो अ‍ॅडेड शुगर' लिहिलेल्या फळांच्या रसात वरून घातलेली साखर नसते, फळाची स्वतःची असतेच. मधुमेह असलेल्यांनी पाकीट उलटून घटकांच्या यादीत 'ओज' शोधावा: सुक्रोज, ग्लुकोज, फ्रुक्टोज, माल्टोज, डेक्स्ट्रोज. सगळ्या साखराच.

आता मुलांकडे येतो. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरीही दहावी-बारावी झालेली चुणचुणीत मुलं मुलाखतीत आपण खूप मेहनत करतो हे सांगायला 'आय वर्क हार्डली' म्हणून बसतात. 'हार्ड'ला 'ली' लागलं की अर्थ जवळजवळ उलटतो, 'मी काम करतच नाही म्हणा ना' असा होतो. 'लेट' म्हणजे उशिरा, 'लेटली' म्हणजे अलीकडे. कंटाळा आला असेल तर 'बोअर्ड', 'बोरिंग' म्हटलं तर आपणच कंटाळवाणे ठरतो. वडील हॉटेलात स्वयंपाक करत असतील, तर ते 'कुक'. 'कुकर' शेगडीवर असतो. यात मुलाचा दोष नाही. 'टीच'चं टीचर, 'ड्राइव्ह'चं ड्रायव्हर, मग 'कुक'चं कुकर, हा त्याने लावलेला नियम बुद्धीनेच लावलेला आहे. 'अर' माणसालाही लागतो आणि यंत्रालाही. 'कॉम्प्युटर' हा शब्द तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आकडेमोड करणाऱ्या माणसांसाठी वापरला जायचा. अमेरिकेच्या अवकाश मोहिमांचं गणित करणाऱ्या कॅथरीन जॉन्सन नोकरीला लागल्या तेव्हा त्यांच्या कामाला हेच नाव होतं. म्हणून अशा चुकीला वर्गात हसू नका. नियम बरोबर लावलास असं म्हणा आणि मग अपवाद सांगा.

शिकवणाऱ्यांना आणि पालकांना माझं एवढंच सांगणं, की प्रत्ययांच्या याद्या पाठ करून घेऊ नका. मुलाजवळ मराठी आहे, तिथून सुरुवात करा. दयाळू आणि दयनीय यांत फरक काय, हे तिसरीतल्या मुलालाही समजावता येतं: एकाच्या मनात दया आहे, दुसऱ्याची दया येते. लाजाळू, लाजिरवाणं आणि निर्लज्ज हे तीन शब्द त्याला वाक्यात वापरायला सांगा. लाज एकच, पण तिघांचे स्वभाव वेगळे. मग 'शेमफुल' आणि 'शेमलेस' फळ्यावर लिहा. फुल म्हणजे भरलेलं आणि लेस म्हणजे विना, तरी दोन्ही शब्द वाईटच कसे, हे ते मूल स्वतः सांगेल. 'चाइल्डिश'ला पोरकट आणि 'चाइल्डलाइक'ला निरागस हे त्याला आपोआप सुचेल. 'प्राइसलेस' म्हणजे अमूल्य आणि 'वर्थलेस' म्हणजे कवडीमोल, हा पेच त्याच्यासमोर टाका आणि थोडा वेळ थांबा. ज्याला आपल्या भाषेतले प्रत्यय कळतात त्याला इंग्रजीतले परके वाटत नाहीत. मराठी शाळेतल्या मुलाकडे ही पुंजी भरपूर आहे. आपण ती त्याला वापरू देत नाही.

घरी करायचं तर आठवड्याला एकच शब्द घ्या. 'यूज' घ्या. यूजर, यूजफुल, यूजलेस, यूजेबल, यूज्ड. मग मुलाला अंगणातली जुनी सायकल दाखवा आणि विचारा, ही यूज्ड आहे, यूजेबल आहे की यूजलेस? तो चाक फिरवून पाहील, ब्रेक दाबून पाहील. त्याला उत्तर शोधू द्या आणि कोणता शब्द का निवडला, ते मराठीत सांगायला लावा.